फुई, तू गळ्याने गेली नाहीस

फुई, तू गळ्याने गेली नाहीस. साक्रीच्या डॉक्टरांना मी हे दोनदा विचारून घेतलं. ते म्हणाले, हृदय बंद पडलं. सकाळी दूधवाल्याशी मापावरून भांडून आत आल्या, चहा टाकायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी पुन्हा विचारलं, "आणि मान? मानेत काही?" त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हणाले, "मान स्वच्छ आहे बाई. जुन्या ऑपरेशनची खूण आहे, तेवढीच."

मग मी तिथेच व्हरांड्यात रडले आणि रडता रडता मला हसू यायला लागलं. तुझ्या धाकट्या जावेला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने मला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. तिला काय सांगणार? आपल्या घरात आजोबा गळ्याने गेले, भाऊकाका गळ्याने गेले, नानाकाका गळ्याने गेले. ज्यांच्या ज्यांच्या मानेत ती गाठ आली, त्यांतली साधं हृदय बंद पडून जाणारी तू पहिली. तेही साठी कधीच ओलांडून, नातवंडं पाहून आणि दूधवाल्याला खाली मान घालायला लावून. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला.

चाळीसगावला सासरी सगळे म्हणायचे, आत्या म्हण. पण वडिलांची बहीण ती आपल्याकडे फुईच. तू आलीस की सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी "तुझी फुई आली गं" अशीच हाक मारायच्या. तुमच्या दोघींचं पुढे किती जमलं ते पाहिलं की मला अजून राग येतो. त्याचं कारण मी पुढे सांगणारच आहे, तुला टाळता येणार नाही.

आपलं गाव सातपुड्याच्या पायथ्याचं. भोवती केळीच्या बागा आणि वर डोंगर. त्या पट्ट्यात मान सुजलेल्या बाया बाजारात कितीतरी दिसायच्या. पुढे सरकारी माणसं आली, आयोडीनचं मीठ खा म्हणून सांगून गेली, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही होतं. त्यामुळे आजोबांची मान सुजली तेव्हा कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. पाण्याचा गुण, म्हणाले. भाऊकाकांना झालं तेव्हाही पाण्याचाच गुण. घरच्या विहिरीचं पाणी प्यायचं बंद केलं, शेजारच्या मळ्यातून हंडे आणले. तुला लांब साक्रीला दिलं तेव्हा आजोबा समाधानाने म्हणाले होते म्हणे, पोरीचं पाणी बदललं, ही सुटली.

ही सुटलेली पोर पंचवीस-तीस वर्षं साक्रीचं पाणी पिऊन, शाळेत पोरांना पाढे शिकवून, मानेत सुपारीएवढी गाठ घेऊन धुळ्याला डॉक्टरांकडे गेली. धुळ्याच्या त्या सर्जननी गाठ काढली, तपासायला पाठवली, आणि टाके काढायला आलीस तेव्हा तुला समोर बसवून सांगितलं, "ही पाण्याची गाठ नाही. हा थायरॉइडचा एक वेगळा कॅन्सर आहे आणि तो कधी कधी घराण्यात फिरतो. माहेरी कोणाला होता का?" तू म्हणालीस, बापाला आणि भावाला. ते म्हणाले, मग तुमच्या सगळ्या भावंडांना आणि त्यांच्या सगळ्या मुलांना बोलवा.

मानेवरची पट्टीसुद्धा निघाली नव्हती आणि तू एसटीने गावी आलीस. मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते, आणि ओसरीवर चहा मीच घेऊन आले. तू विचारलंस, कोणाकोणाला न्यायचं बोला. नानाकाका बोटांवर मोजायला लागले. त्यांचे दोघे मुलगे, भाऊकाकांचा एक, आमचा दादा. मोजणी संपली. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते, पण माझ्यासाठी कोणाचं बोट मिटलं नाही.

तू म्हणालीस, "आन पोरी?"

आबा, म्हणजे माझे वडील, तुझा धाकटा भाऊ, शांतपणे म्हणाले, "पोरी जातीन आपापल्या घरी, अक्का. त्यांचं पानी येगळं, कूळ येगळं. त्यांचं कायले मोजायचं?"

"मंग माझं काय, भास्कर?" तू पदर बाजूला करून मानेवरची पट्टी दाखवलीस. आणि चिडलीस की तुझ्या तोंडून साक्रीची बोली यायची, तशी आली. "पानी बदलनं, रगत तेच शे."

ते सगळे हसले. 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा' म्हणतेस म्हणून तुला माहेरी नेहमीच हसायचे, त्या दिवशीही हसले. नानाकाका तर फार हसले. त्यांचा तो हसरा चेहरा मला आता पाहवत नाही. कोणी धुळ्याला गेलं नाही. माझं लग्न ठरवायचं होतं आणि घराण्यात रोग आहे असा बोभाटा झाला तर पोरीला कोण करून घेणार, ही आबांची धास्ती होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

तू मात्र हात टेकले नाहीस. तू तुझी एक पद्धत काढलीस. लग्न असो, बारसं असो, कोणी पाया पडायला वाकलं की तुझा डावा हात त्याच्या डोक्यावर जायचा आणि उजव्या हाताची बोटं गळ्यावर. आशीर्वाद देता देता तू मान चाचपायचीस. "सुखी राहा" म्हणायचीस आणि लगेच, "जरा आवंढा गिळ बरं." मांडवात, जेवणाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, कुठेही. पुढे पुढे पोरं तुला लांबूनच नमस्कार करून पळायला लागली. नव्या सुना घाबरायच्या. एकदा तू चुकून मांडवातल्या वाढप्याची मान तपासलीस आणि त्या बिचाऱ्याने आवंढाही गिळला. आबा तर तुझ्या पाया पडायचेच बंद झाले. भाऊबीजेला टिळा लावताना तुझी बोटं कपाळावरून खाली घसरायला लागली की ते झटकन ताट उचलून "ओवाळ आता" म्हणायचे.

आता आपलं भांडण. मी चाळीसगावला नांदत होते, सायली दोन वर्षांची होती, आणि एका दुपारी तू न कळवता आलीस. सासूबाई गहू निवडत होत्या. तू त्यांच्या शेजारी बसलीस, चार गहू निवडलेस, आणि सरळ सांगितलंस, "तुमच्या सुनेच्या घरात गळ्याचा कॅन्सर आहे. तिच्यात असेल, नसेल. नातीत असेल, नसेल. तपासणी करायला हवी." मी आत चहा करत होते. दूध उतू गेलं तरी मला हलता येईना.

मला आजही वाटतं, फुई, तू चुकलीस. ते सांगणं माझं होतं. माझ्या सासरी, माझ्या तोंडून, मला जमेल त्या दिवशी. तुझं उत्तर मला पाठ आहे, "तुला जमेल तो दिवस कधी येणार होता?" या वादात मी कधी हरले नाही आणि तूही हरली नाहीस. वर्षभर मी तुला पत्राचं उत्तर दिलं नाही. तू दर महिन्याला पत्र टाकत राहिलीस आणि प्रत्येकात खाली एकच ओळ, मान बघ.

सासूबाईंनी तेव्हा हातातलं काम आधी संपवलं. गहू निवडून झाले, सूप झटकलं, आणि म्हणाल्या, "माझ्या माहेरी आंधळेपण आहे. मी लग्नात सांगितलं नव्हतं." एवढंच. त्यानंतर माझ्या कुठल्याही तपासणीला त्या माझ्याबरोबर आल्या. हे सगळं तू आलीस म्हणून झालं, हे मी जाणते. तरी सांगणं माझं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

मग नानाकाका गेले. त्यांची गाठ सापडली तेव्हा ती छातीपर्यंत उतरली होती. शेवटी शेवटी ते तुझा हात धरून बसायचे आणि तू त्यांना एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं. हे तुझ्या स्वभावात नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

त्यांच्या गंधमुक्तीला जे घडलं, ते आपल्या भागात कोणी पाहिलं नसेल. दिवसकार्याला माणूस आजारपण सोडून येतो. साक्री, एरंडोल, चाळीसगाव, जळगाव, जिथे जिथे आपल्या लेकी दिल्या होत्या त्या सगळ्या पोराबाळांसकट येणार, हे तुला ठाऊक होतं. लग्नात कोणी ऐकलं नसतं. दुखवट्यात कोणी नाही म्हणू शकत नाही. तोवर मुंबईला रक्तावरून कळण्याची नवी तपासणी सुरू झाली होती. तू धुळ्याच्या सर्जनना गळ घातलीस. गोडाची पंगत उठली आणि मांडवाच्या कडेला टेबल लागलं, बर्फाची पेटी आली, आणि डोळे पुसत पुसत लोक बाही वर करून रक्त द्यायला रांगेत उभे राहिले. नानाकाकांची मुलं पहिली. मग भाऊकाकांची. मग तू हाका मारायला लागलीस, शाळेत हजेरी घ्यायचीस तशी, आणि हाका सगळ्या लेकींच्या होत्या. भटजी जायला निघाले होते, तेही थांबून बघत राहिले.

आबा तेवढे नव्हते. केळीला पाणी द्यायचंय म्हणून मळ्यात निघून गेले होते. भाऊ गेल्याच्या दिवसकार्यात कोणी केळीला पाणी देतं का? पण त्या दिवशी त्यांना कोणी अडवलं नाही, तूसुद्धा नाही.

माझ्यात निघालं. सायलीत निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं ते तू शेजारी बसून ऐकलंस, आणि पुढे गावोगावी सांगत फिरलीस. ते म्हणाले, तुमच्या शेतात मोटर असते ना? शरीरातल्या पेशींना वाढायला सांगणारी आणि थांबवणारी अशी बटणं असतात. जनुकं म्हणतात त्यांना. तुमच्या घरात त्यातलं एक बटण चालूवरच अडकलेलं आहे. गळ्यातल्या ग्रंथीतल्या काही पेशींना सतत वाढा, वाढा असाच हुकूम मिळतो. आईकडे असो की बापाकडे, ते अडकलेलं बटण मुलाला मिळायचं की नाही हा छापा-काटा. मुलगा, मुलगी, सगळ्यांना सारखाच. सासरी गेली म्हणून बटण बदलत नाही. आणि ते दुरुस्त करता येत नाही, पण ती ग्रंथीच वेळेवर काढून टाकली तर वाढायला जागा राहत नाही. मग रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आयुष्यभर.

हे मी गावी जाऊन आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मोटरच व्हती ना शेवटी? म्हंजे पान्याचंच झालं." मला रडावं की हसावं कळेना. तू मात्र पोट धरून हसलीस.

माझं ऑपरेशन मला काही वाटलं नाही. सायलीचं वाटलं. उड्या मारणारी, झाडावर चढणारी, साधी सर्दी नसलेली पोर मी टेबलावर द्यायची? मी डॉक्टरांना म्हटलं, थोडं थांबू. तू मला दवाखान्याच्या जिन्यात उभं केलंस. म्हणालीस, "नानालाही थोडं थांबायचंच होतं." फार लागेल असं बोललीस. लागलंही. मी सही केली. काही आठवड्यांनी कागद आला की तिच्या त्या दिसायला निरोगी ग्रंथीत रोगाचे बारीक ठिपके सुरू झालेले होते. बाहेर कुठेही पडलेले नव्हते. सगळे निघाले. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी आता तिच्या वयाच्या इतर मुलींसारखीच जगेल. फुई, त्या दिवशी मी तुला मिठी मारायला गेले, तर तू मारू दिली नाहीस. तू म्हणालीस, "सोड, मले भूक लागली." मग आपण तिघींनी दवाखान्यासमोरच्या हॉटेलात इतकं खाल्लं की सायलीला रात्री जेवण गेलं नाही.

घरात एकेक जण तपासून झाला. कोणात निघालं, कोणात नाही. ज्यांच्यात निघालं त्यांची ग्रंथी काढली, तेही सगळे चालते-बोलते आहेत. राहिले एकटे आबा. खरं तर त्यांच्या तपासणीची गरजच नव्हती. माझ्यात आहे आणि तुझ्यात आहे म्हणजे मधल्या माणसात आहेच, हे लहान मुलालाही कळेल. तरी ते येईनात. आम्हाला वाटायचं, सुरीला घाबरतात.

गेल्या भाऊबीजेला तुम्ही दोघं ओसरीवर बसला होतात आणि मी स्वयंपाकघरात होते. आबांचा आवाज आला, इतका हळू की मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"अक्का, ती सुई टोचली की कागदावर लिहून यीन. पोरीले मी दिलं म्हनून. नातीले मी दिलं म्हनून. मले नाही तो कागद पाह्यचा."

तू ताटातलं निरांजन नीट केलंस. मग म्हणालीस, "मले कोनं दिलं? बापानंच ना? मंग मी त्याले कधी नावं ठेवली का रे?"

आबांनी कपाळ पुढे केलं. तू टिळा लावलास. त्या दिवशी तुझी बोटं खाली आली नाहीत, कपाळावरच थांबली. मी दारातून पाहिलं. तुमची ती शेवटची भाऊबीज होती हे आपल्याला कोणालाच माहीत नव्हतं.

मला बाहेर येऊन आबांना सांगायचं होतं की माझा तुमच्यावर काडीचाही राग नाही. मी पोळ्या लाटत राहिले. तुला मी फणकाऱ्याने म्हणायची ना, सांगणं माझं होतं? तर हेही माझंच होतं, आणि इथे तू मध्ये पडली नाहीस. का नाही पडलीस, हे विचारायचं राहून गेलं.

तू गेल्यावर आबा साक्रीला आले. तुझ्या पायाशी वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत, दादाने धरून उठवलं. रडले नाहीत. तुझ्या गंधमुक्तीला पुन्हा आले, पंगतीला बसले, मुकाट्याने जेवले. परतताना आम्ही दोघं धुळ्याला स्टँडवर उतरलो. त्यांना जळगावची गाडी घ्यायची होती, मला चाळीसगावची. जळगावची आधी लागली. मी त्यांची पिशवी वर ठेवायला निघाले तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुया गाडीनं येतो," म्हणाले. "चाळीसगावाहून मुंबईची रेल्वे भेटते ना?"

मी हो म्हटलं.  गाडीत त्यांनी मला खिडकी दिली, लहानपणी द्यायचे तशी.

मुंबईला डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कोणाला? आबा सांगायला लागले. तुझं नाव पहिलं, मग माझं, मग सायलीचं. मग एरंडोलच्या, मग जळगावच्या. मुलगे सगळ्यांत शेवटी आठवले. आणि सुई टोचायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "कुंदा, माझ्याकडून गेलं तुले."

मी म्हटलं, "हो आबा. आणि मी बरी आहे. सायली बरी आहे. माझा राग नाही." इतक्या वर्षांचं एका दमात बोलून टाकलं. सिस्टर सुई हातात धरून आमच्या दोघांकडे बघत होती.

आबांची ग्रंथी काढली. गाठ होती. मानेतल्या दोन-तीन छोट्या रसग्रंथींत पोचली होती, त्याही काढल्या. त्यापुढे गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, काहींच्यात फार सावकाश वाढते, यांचं नशीब. तपासण्या होत राहतील, पण माणूस वाचला. परवा त्यांना घेऊन मी चाळीसगावला आले. मान पट्टीत बांधलेली, तरी सासूबाईंकडून लसणाची चटणी मागून घेतली आणि भाकरी कुस्करून खाल्ली. घरातल्या एकाच्याही गळ्यात आता ती गाठ नाही, फुई. ज्यांना ज्यांना तू हाक मारली होतीस ते सगळे आहेत.

जेवण झाल्यावर आबा ओट्यावर येऊन बसले.  मग मला म्हणाले, "अक्काले कोन सांगीन आता?"

मी म्हटलं, मी सांगते.